पाळण्याचें लांकूड आणि पाळण्याचा रंग

मूल जन्मास आलें कीं घरांत पहिली धांदल उडते ती पाळण्याची. बाराव्या दिवशीं बारसें करावयाचें, तेव्हां पाळणा हवा. आणि पाळणा म्हटला म्हणजे माळ्यावरचा जुना पाळणा उतरविणें ओघानेंच आलें. ज्या पाळण्यांत बाळाचा बाप निजला, आजा निजला, त्याच पाळण्यांत बाळानेंहि निजावें, ही इच्छा कोणत्या घरीं नसते? पाळणा खालीं येतो. कोळिष्टकें झटकलीं जातात. रंग जागोजागीं उडालेला दिसतो. मग सुताराला बोलावणें जातें, "मिस्त्री, जरा कांचकागद मारून वरून नवा रंग द्या, शुक्रवारीं बारसें आहे." मिस्त्री पडवींत बसून दोन तास पाळणा घांसतो, पांढरी-तांबडी भुकटी घरभर उडते, आणि तीन दिवसांत पाळणा नव्यासारखा होतो. या साऱ्या व्यवहारांत कोणाच्याहि मनांत वाईट कांहीं नसतें. जें कांहीं होतें तें मायेपोटींच होतें. तरी त्या दोन तासांत त्या घरांत काय मोकळें झालेलें असूं शकतें, याची कल्पना फार थोड्या घरांना असते.

तान्ह्या मुलाला डोळ्यांपेक्षां तोंडानें जग अधिक कळतें. हातीं लागेल तें तोंडांत, हा त्याचा नेम. सहाव्या महिन्याच्या सुमारास हिरड्या शिवशिवूं लागल्या म्हणजे तर पाळण्याचा कठडा, पांगुळगाड्याची आडवी दांडी, चिमणाळ्यांतून सुटून पडलेला लांकडी राघू, या सर्वांची चव घेतली जाते. टेबल किंवा कपाट करवून घेतांना मनुष्य तीन गोष्टी पाहतो: लांकूड टिकेल काय, वाळवी लागेल काय, आणि वस्तु दिसेल कशी. मुलासाठीं वस्तु करवून घेतांना या तिन्ही प्रश्नांच्या आधीं एक चौथा प्रश्न विचारला पाहिजे. हें खाल्लें तर काय होईल? कारण तें खाल्लें जाणार आहे.

हा प्रश्न विचारावयास जग फार उशिरां शिकलें. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत, ब्रिस्बेन शहरीं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मुलांच्या इस्पितळांत कांहीं चमत्कारिक रोगी येऊं लागले. मुलांच्या पोटांत कळा येत, हातपाय लुळे पडत, मनगट उचलत नसे. कांहींची दृष्टीहि मंद होई. शिशाच्या विषबाधेचीं हीं लक्षणें डॉक्टरांच्या ओळखीचीं होतीं; पण तीं रंगारी आणि रंगाच्या कारखान्यांतील मजूर अशा प्रौढ माणसांच्या ठिकाणीं. खेळत्या वयाच्या पोरांना शिसें मिळालें कोठून? अनेक गोष्टींवर संशय घेऊन झाला. शेवटीं लॉकहार्ट गिब्सन नांवाच्या नेत्रवैद्यानें १९०४ सालीं एका निबंधांत बोट ठेवलें तें घराच्या रंगविलेल्या कठड्यांवर आणि भिंतींवर. तेथील घरें लांकडी, त्यांना चोहोंकडून पडव्या, पडव्यांना कठडे, आणि कठड्यांना शिशाचा पांढरा रंग. उष्ण प्रदेशाच्या उन्हानें तो रंग पिठासारखा सुटे, मुलांच्या घामट हातांना चिकटे, आणि जीं मुलें अंगठा चोखीत किंवा नखें कुरतडीत त्यांच्या पोटांत जाई. पडवी, कठडा, कडक ऊन आणि घामट हात, यांपैकीं आपल्या कोंकणांत किंवा देशावर काय नाहीं? गिब्सनचें म्हणणें लोकांच्या गळीं लगेच उतरलें नाहीं. क्वीन्सलंडांत मुलांच्या हातीं लागणाऱ्या अशा कठड्यांवर व भिंतींवर शिशाचा रंग लावण्यास कायद्यानें आळा बसावयास १९२२ साल उजाडावें लागलें.

पाळण्याशीं थेट संबंध असलेली हकीकत याहून करुण आहे. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं एका पांच वर्षांच्या मुलाला पुन्हा पुन्हा झटके येत. मेंदूच्या आवरणाला सूज आली असावी असें प्रथम वाटलें. पुढें असें आढळलें कीं आपल्या खाटल्याच्या कठड्यावरचा पांढरा रंग तो मुलगा दांतांनीं खरवडून खात असे. मुलगा दगावला. टॉमस आणि ब्लॅकफॅन या दोन डॉक्टरांनीं १९१४ सालीं ती हकीकत प्रसिद्ध केली. खाटलें चांगलें होतें, रंग स्वच्छ पांढरा होता, आणि आईबापांनीं तो मुलाला शोभेसा म्हणूनच निवडला असेल.

शिशाचे क्षार चवीला गोडसर असतात, हें या दुर्दैवांतलें आणखी एक दुर्दैव. कडू असते तर मुलानें थुंकून तरी टाकले असते. पोटांत गेलेल्या शिशाचा जेवढा भाग मोठ्या माणसाच्या रक्तांत भिनतो, त्याच्या चौपट-पांचपट भाग लहान मुलाच्या रक्तांत भिनतो. ज्या मुलाच्या अंगांत लोह कमी त्याच्या तर अधिकच. शरीर शिशाला चुना समजून फसतें आणि हाडांत सांठवून ठेवतें. मोठ्या मात्रेनें झटके येतात; थोड्या मात्रेनें कांहींच होत नाहीं असें वाटतें, आणि तेथेंच फसगत होते. मूल किरकिरें होतें, खावयास मागत नाहीं, पोट जड राहतें, अंग फिकट पडतें. पण हीं लक्षणें कोणत्या मुलाला कधीं होत नाहींत? खरी हानि मेंदूची होते, आणि ती भरून येत नाहीं. इतक्या प्रमाणापर्यंत शिसें निर्धोक, अशी कोणतीहि मर्यादा जागतिक आरोग्य संघटना मानीत नाहीं.

म्हणून आजीबाई जेव्हां म्हणतात, "याच पाळण्यांत तुझा नवरा वाढला, सूनबाई; त्याला काय झालें?" तेव्हां सुनेनें काय उत्तर द्यावें? आजीबाईंचा प्रश्न खोटा नाहीं. पण त्याला दोन उत्तरें आहेत. एक असें, कीं त्या वेळीं रंग ताजा आणि अखंड होता. आज तो टवके उडून भुकटी होण्याच्या अवस्थेला आलेला आहे. आणि दुसरें, बोलावयास जरा जड: पाळणा नसता तर तो आणखी कसा झाला असता, हें कोणालाच सांगतां येणार नाहीं. हें दुसरें उत्तर सुनेनें मनांत ठेवावें आणि पहिलें द्यावें.

जुना रंग म्हणजे किती जुना, हें पाहण्यास सालें उपयोगीं पडतात. जिनीव्हा येथें १९२१ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें इमारतींच्या आंतील कामांत पांढऱ्या शिशाचा रंग वापरूं नये असा करार केला. त्यांत चिंता होती ती रंगाऱ्यांची. अमेरिकेनें घरगुती रंगांतील शिशावर कडक बंदी घातली १९७८ सालीं. आपल्या देशांत तत्संबंधीं नियम २०१६ सालीं झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आले. त्यांप्रमाणें घरगुती रंगाच्या दहा लाख भागांत शिशाचे भाग नव्वदांहून अधिक असतां कामा नयेत. जुन्या तैलरंगांत शिशाचें प्रमाण वाळलेल्या रंगाच्या वजनाच्या निम्म्यापर्यंतहि असे, हें लक्षांत घेतलें म्हणजे नव्वद भाग म्हणजे काय तें कळेल. तात्पर्य, २०१७ पूर्वीं रंगविलेली कोणतीहि वस्तु मुलाच्या तोंडाशीं येणार असेल तर ती संशयास पात्र समजावी. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून मानक संस्थेचा शिक्का आवश्यक झाला. पण पडवींत बसून मिस्त्रीनें केलेल्या पाळण्यावर शिक्का कोण मारणार? तेथें घरधन्यानेंच डोळे उघडे ठेवावयाचे.

येथें कोणी म्हणेल, हे सारे विलायती डब्यांतल्या रंगांचे दोष. आमचे पूर्वींचे देशी रंग शुद्ध होते. ही समजूत गोड आहे, पण खरी नाहीं. जुन्या चितारी-रंगाऱ्यांच्या डब्या उघडून पाहाव्या. पांढरा रंग हवा तर सफेता, म्हणजे शिसें. नारिंगी हवा तर शेंदूर, तेंहि शिसेंच. लालभडक हवा तर हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचा खनिज. पिवळा हवा तर हरताळ, म्हणजे सोमल. रोगण लवकर वाळावें म्हणून तेलांत घालीत तें मुरदाडशिंग, पुन्हा शिसें! रंगाऱ्याच्या कलेविषयीं आदर बाळगून असें म्हणावें लागतें कीं या पांचांतली एकहि वस्तु बाळाच्या ओठांपर्यंत जाऊं नये. निर्धोक होते ते गेरू, काव, खडू, काजळ आणि नीळ यांसारखे साधे रंग, आणि त्यांना तेव्हांहि कोणी फारसें विचारीत नसे. कारण ते झगझगीत दिसत नाहींत. आजहि पिवळ्याधमक आणि नारिंगी रंगांच्या बाबतींत अधिक सावध राहावें, कारण क्रोमचा पिवळा म्हणून जो रंग आहे तोहि शिशाचाच क्षार आहे. याच पिवळ्या क्षाराची भेसळ दळलेल्या हळदींतहि सांपडलेली आहे. तेव्हां हळदीनें खेळणें रंगवावयाचें असेल तर हळकुंडें आणून घरीं दळावीं.

मग जुन्या पाळण्याचें करावयाचें काय? रंगाचा टवका प्रयोगशाळेंत तपासून घेतां येतो, आणि शहरांतील मनुष्यास तें अवघड नाहीं. तपासणीची सोय नसेल तर रंगांत शिसें आहे असेंच धरून चालावें. कांचकागद कोरडा मारूं नये; ती भुकटी जमिनीवर बसते, चटईंत शिरते, आणि मूल रांगूं लागेपर्यंत वाट पाहते. दिव्याच्या ज्योतीनें किंवा गरम हवेच्या यंत्रानें रंग भाजून काढण्याची जी रीत आहे ती तर त्याहून वाईट, कारण शिशाची वाफ श्वासावाटें आंत जाते. घरांत गर्भवती असेल तर हें काम घराच्या आसपासहि होऊं देऊं नये. आईच्या रक्तांतलें शिसें नाळेंतून गर्भाला पोंचतें. पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची आपली रीत या एका बाबतींत फार उपयोगाची आहे. पण त्या रीतीचा फायदा घेऊन सासरीं पाळणा घांसून ठेवला आणि धूळ तशीच राहिली, तर फायदा गेला. रंग काढावयाचाच असेल तर ओला करून, हलक्या हातानें, घराबाहेर, खालीं जाड कागद अंथरून काढावा. कागद गुंडाळून टाकून द्यावा. जमीन केरसुणीनें न झाडतां ओल्या फडक्यानें पुसावी. आणि मिस्त्रीनें घरीं जाऊन आपल्या मुलांना उचलण्यापूर्वीं अंघोळ करावी, हें त्याला आवर्जून सांगावें. इतकें करूनहि कोरीवकामाच्या खांचांतला रंग पुरा निघत नाहीं. खरें विचारलें तर जुना पाळणा दिवाणखान्यांत उंचावर शोभेला ठेवावा आणि बाळाला नवा करावा, हाच मार्ग उत्तम.

नवा पाळणा म्हटला कीं प्रथम लांकूड. सागवान हें नांव सगळ्यांच्या तोंडीं येतें आणि तें योग्यच आहे. मुरलेलें सागवान पावसाळ्यांत फारसें फुगत नाहीं, उन्हाळ्यांत आकसत नाहीं, त्याला वाळवी सहसा लागत नाहीं. म्हणून त्याला विषारी औषध लावावें लागत नाहीं, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. सागवानाच्या भुशानें कांहीं सुतारांच्या अंगाला खाज सुटते. तें लांकडांतील अंगभूत द्रव्यांमुळें. घडविलेल्या आणि वरून लेप दिलेल्या सागवानाचा मुलाला त्रास होत नाहीं. मात्र मूल ज्या दांडीवर दांत चालविणार ती दांडी कोरड्या, बिनलेपाच्या सागवानाची ठेवूं नये. कोणत्याहि लांकडाचा बारीक भुसा नित्य श्वासांत जाणें कर्करोगास कारण होतें, हें आतां सिद्ध आहे. तेव्हां रंधा चालतो तेथें कौतुकानें बाळाला कडेवर घेऊन उभें राहण्याची संवय सोडलेली बरी.

सागवानाच्या खालोखाल, आणि मुलांच्या कामांत कदाचित् त्याच्याहि वर, ज्याचा मान असावा तें झाड म्हणजे शिवण. शिवणीचें लांकूड फिकट, हलकें, रंध्याखालीं मऊ निघणारें, आणि वाळल्यावर वाकणें-फुटणें फार थोडें. पांगुळगाडा हलका असावा लागतो. सागवानी पांगुळगाडा उलटला तर मुलाच्या अंगावर पडतो, शिवणीचा पडला तरी फार लागत नाहीं. खरादावर गोल करावयाच्या वस्तूंना, म्हणजे गज, खुळखुळे, गाड्याचीं चाकें यांना हेदाचें लांकूड उत्तम. तें पिवळसर आणि इतकें बारीक पोताचें असतें कीं त्याच्या सूतगिरण्यांच्या बॉबिनी होत असत. काळ्या कुड्याचें पांढरें, गुळगुळीत लांकूडहि याच कामाचें; कर्नाटकांतील चन्नपट्टणचीं प्रसिद्ध खेळणीं त्याचींच होतात. कोंकणांतल्या घरास फणस सहज मिळतो. फणसाचा पिवळा गाभा टिकाऊ असून त्याविरुद्ध कोणाची तक्रार ऐकूं येत नाहीं.

आंब्याच्या लांकडाविषयीं मात्र थोडें थांबून विचार केला पाहिजे. तें स्वस्त, सर्वत्र मिळणारें, आणि रंग चांगला धरणारें. म्हणूनच खेळण्यांत आणि हलक्या सामानांत तें फार चालतें. पण त्याला भुंगा लवकर लागतो. भुंगा लागूं नये म्हणून वखारींत किंवा कारखान्यांत त्यावर औषध मारतात, आणि तें औषध कोणतें हें विचारल्याशिवाय कोणी सांगत नाहीं. ओल्या आंब्याच्या चिकानें कातडीस फोड येतात हें तर खेडेगांवच्या पोरालाहि ठाऊक आहे; पुरतें सुकलेल्या लांकडांत ती तीव्रता उरत नाहीं. त्याच कुळांतल्या काजूचें आणि बिब्ब्याचें लांकूड मात्र मुलांच्या वस्तूंत कधीं घालूं नये. शिसव दिसावयास राजस, पण तिच्यांतहि कातडीला दाह करणारीं द्रव्यें आहेत. पाळण्याच्या चौकटीला ती चालेल, चावल्या जाणाऱ्या भागाला नको. कोणी म्हणतात, दांड्या कडुनिंबाच्या कराव्या, म्हणजे कडू लागून मूल चावणार नाहीं. मुलाच्या चिकाटीचा ज्यांनीं अनुभव घेतला आहे ते या युक्तीवर विसंबणार नाहींत. पण कडुनिंबाचें लांकूड वाईट नाहीं.

लांकूड जंगलांतून आलें तसें राहत नाहीं, हा मुद्दा शहरांतल्या घरांनीं विशेष ध्यानांत घ्यावा. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत सोंटी कामेशम् या भारतीय शास्त्रज्ञानें १९३३ सालीं तांबें, क्रोमियम आणि सोमल यांच्या क्षारांचें असें एक मिश्रण शोधून काढलें कीं त्यांत मुरविलेल्या लांकडास ना वाळवी लागे ना बुरशी. तो शोध जगभर गेला; तारांच्या खांबांना, पुलांना, कुंपणांना त्यानें दीर्घायुष्य दिलें. एका भारतीयाचें तें मोठेंच काम. परंतु तेंच लांकूड पुढें परदेशांत मुलांच्या झोपाळ्यांना आणि घसरगुंड्यांना वापरलें गेलें, आणि त्याच्या पृष्ठभागावरून सोमल हातांना लागतो असें दिसून आल्यावर अमेरिकेंतील उत्पादकांनीं २००३ च्या अखेरीस घरगुती कामांसाठीं तें देणें बंद केलें. हिरवट झांक असलेलें जुनें लांकूड, खांबांचे तुकडे, डांबरी तेलांत बुडविलेले रेल्वेचे जुने स्लीपर, हीं कितीहि मजबूत आणि स्वस्त मिळालीं तरी पाळण्याच्या कामीं आणूं नयेत.

अलीकडे परदेशाहून माल घेऊन येणाऱ्या खोक्यांचें आणि फळ्यांचें पाइन लांकूड बाजारांत पुष्कळ मिळतें व हौशी लोक त्याचें सामान करतात. अशा फळीवर एक डागलेला शिक्का असतो. त्यांत 'एच टी' अशीं अक्षरें असतील तर तें लांकूड केवळ उष्णतेनें शुद्ध केलेलें आहे. 'एम बी' असतील तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. दुसरें घेऊं नये. आणि पहिल्यावरहि वाटेंत काय सांडलें असेल तें फळी सांगत नाहीं. प्लायवुड आणि भुशाच्या दाबीव तक्त्यांत डिंक म्हणून जीं द्रव्यें असतात त्यांतून फॉर्माल्डिहाइड वायु महिनोगणती सुटत राहतो. त्याची गणना कर्करोगकारक द्रव्यांत २००४ सालीं झाली. तक्ता वापरणें भागच असेल तर कमी वायु सोडणारा, 'ई-एक' किंवा त्याहून वरच्या प्रतीचा मागून घ्यावा आणि कापलेल्या कडा उघड्या ठेवूं नयेत. वायु तेथूनच अधिक सुटतो.

आतां लेप. लेप द्यावाच कां, असेंहि कोणी विचारील. कारण उघडें लांकूड लाळ पितें, त्याचे तंतु उभे राहतात, आणि ओठांत कुसळ जातें.

या कामीं आपल्या देशाची लाख जगांत कोणास हार जाणारी नाहीं. पळस, बोर, कुसुंब या झाडांच्या डहाळ्यांवर एक इवलासा किडा आपल्या अंगाभोंवतीं जें कवच करतो तीच लाख. ती धुऊन, वितळवून, पातळ पापुद्रे केले म्हणजे चपडी लाख होते. छोटा नागपूर हें तिचें मोठें घर. रांचीजवळ लाखेच्या संशोधनासाठीं १९२४ पासून एक संस्थाच आहे. औषधाच्या गोळ्यांना आणि मिठायांना जी चकाकी असते ती पुष्कळदां लाखेचीच. म्हणजे पोटांत गेली तरी बाधत नाहीं याची खात्री झालेली वस्तु ही. चन्नपट्टणास फिरत्या खरादावर रंगीत लाखेची कांडी टेंकवितात. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून लांकडांत मुरते. आपल्या सावंतवाडीचीं लांकडी फळें आणि खेळणीं तर घरोघर ठाऊक आहेत. तीं घेतांना रंग कशाचे आहेत एवढें मात्र कारागिराला विचारावें. चांगला कारागीर विचारल्याचा राग मानीत नाहीं.

पाळण्यासाठीं चपडी लाख स्पिरिटांत भिजवून, गाळून, मऊ फडक्यानें पातळ हात पांच-सहा वेळां द्यावा. दोन खबरदाऱ्या घ्याव्या. एके काळीं लाखेला सोनेरी झांक यावी म्हणून तींत थोडी हरताळ मिसळीत असत. म्हणून खात्रीच्या दुकानांतून स्वच्छ, पारदर्शक पापुद्र्यांची लाख घ्यावी आणि बाटलींतलें तयार पॉलिश टाळावें. दुसरी गोष्ट, दुकानांत मिळणारें स्पिरिट स्वतः विषारी असतें. तें उडून जातें खरें. पण पुरतें उडून जाईपर्यंत पाळणा वाऱ्यावर ठेवला पाहिजे, आणि बाटली मुलांच्या हातापासून दूर. लाखेचा दोष एकच: गरम पाण्यानें ती पांढरी पडते आणि साबण-सोड्यानें विरते. पण जो लेप चार आण्यांच्या मालानें, घरच्या माणसाला, दर दिवाळीस पुन्हा देतां येतो, त्याचा एवढा दोष पोटांत घालावयास हरकत नाहीं. चार आणे आतां राहिले नाहींत. म्हण मात्र राहिली आहे.

तेलांपैकीं जवसाचें तेल वाळतें. खोबऱ्याचें, शेंगदाण्याचें, तिळाचें वाळत नाहीं, तें लांकडावर चिकट होऊन खवट वास मारतें. कच्चें जवसाचें तेल वाळावयास आठवडेच्या आठवडे घेतें. 'डबल बॉइल्ड' म्हणून जें मिळतें तें लवकर वाळतें, पण तें नुसतें उकळलेलें नसून त्यांत धातूंचे क्षार घातलेले असतात. पूर्वीं ते शिशाचे असत, आतां बहुधा कोबाल्ट आणि मँगनीज यांचे. मुलाच्या वस्तूला कच्चेंच घ्यावें आणि वाट पाहावी. ज्या चिंध्यांनीं तेल पुसलें त्या चुरगाळून कोपऱ्यांत टाकूं नयेत. जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप तापून पेटतात आणि त्यामुळें कारखाने जळालेले आहेत. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्या किंवा पाण्यांत बुडवून ठेवाव्या. लाखेवर किंवा तेलावर मधमाशांच्या मेणाचा हात दिला म्हणजे कठडा हाताला फार सुखकर लागतो.

कोंकणांत वांशांना, दारांना काजूच्या टरफलाचें तेल लावण्याची जुनी चाल आहे. वाळवीला तें उत्तम रोखतें. पण तें कातडीला फोड आणतें. देशी आहे, झाडाचें आहे, म्हणून निर्धोक आहे, असें मानणाऱ्यांनीं तें एकदां बोटाला लावून पाहावें. पाळण्याला लावूं नये. शहरांतले पॉलिशवाले 'मेलामाइन' नांवाचा जो चकचकीत लेप देतात त्यांतूनहि फॉर्माल्डिहाइड सुटतो. रंगच हवा असेल तर पाण्यांत कालवलेला, शिसें नसल्याचें डब्यावर स्पष्ट लिहिलेला रंग घ्यावा. नुसतें 'निसर्गस्नेही' एवढेंच लिहिलेलें असेल तर तें कांहींच लिहिलेलें नाहीं असें समजावें. भोकें बुजविण्याची लांबी खडू आणि तेलाची असते; तींत कोणी सफेता मिसळला नाहीं ना, हेंहि पाहावें. लोखंडी कड्यांना लावतात तो तांबडा अस्तराचा रंग बहुधा शेंदराचा असे. त्याचा उरलेला हात लांकडाला फिरवूं देऊं नये.

बांधणीविषयीं थोडक्यांत. दोन गजांमधलें अंतर सहा सेंटिमीटरांहून अधिक नसावें. अंग निसटून डोकें अडकतें तें याहून मोठ्या फटींत. कोपऱ्यांचे खांब कळसासारखे वर काढूं नयेत. त्यांना कपडा अडकतो. खालीं सरकणाऱ्या कठड्याचीं खाटलीं अमेरिकेंत २०११ साली विक्रीस बंद झालीं, कारण कठडा निखळून मुलें अडकून दगावलीं होतीं. खिळ्यांपेक्षां कुसूं आणि खांच बरी. सरस लावला तरी तो पाण्यानें सुटतो हें ध्यानांत असावें. आणि मूल हातांवर जोर देऊन उठूं लागलें कीं पाळणा बंद करावा. तो कितीहि सुंदर असला तरी.

हें सारें आठ दिवसांत उरकत नाहीं. लेप सुकून त्याचा वास पुरता जावयास महिना तरी हवा. म्हणून लांकूड पांचव्या महिन्यांत घेऊन सातव्यांत मिस्त्रीला बसवावा, आणि नववा लागेपर्यंत पाळणा गच्चीवर सावलींत असावा. नाक जवळ नेऊन वास आला तर अजून थांबावें. बारशाच्या दिवशीं आजीबाईंचें मन राखण्याचा उपायहि आहेच. जुन्या पाळण्याच्या पितळी सांखळ्या आणि कड्या काढून, साबणानें स्वच्छ धुऊन, त्या नव्या पाळण्याला लावाव्या. त्या वर आढ्याशीं असतात. बाळाचें तोंड तेथपर्यंत पोंचत नाहीं. आजीबाईंचा हात मात्र पोंचतो, आणि झोंका द्यावयास त्यांना तीच सांखळी ओळखीची लागते.